अँटोनिटो ते चामा : सांध्यांच्या शोधात चार दिवस

पहिला दिवस : डेन्व्हर ते अँटोनिटो

माझे वडील बार्शी लाइट रेल्वेवर सांधेवाले होते. कुर्डुवाडीच्या यार्डात अडीच फुटी रुळांवर त्यांचे उभे आयुष्य गेले. पुढे मीही ब्रॉडगेजवर पी. डब्ल्यू. आय. म्हणून, म्हणजे रूळमार्गाची देखभाल करणारा निरीक्षक म्हणून, निवृत्तीपर्यंत नोकरी केली. त्यामुळे कोणतीही रेल्वे पाहताना माझी नजर आधी इंजिनाकडे न जाता जेथे एका वाटेच्या दोन वाटा होतात त्या जागेकडे, म्हणजे सांध्याकडे, जाते. लेकीकडे डेन्व्हरला मुक्काम होता. सप्टेंबर संपत आला होता. तिने विचारले, "बाबा, चार दिवस सुट्टी काढते आहे, कुठे जायचं?" तेव्हा मी क्षणभरही विचार न करता कंब्रेस अँड टोल्टेक सीनिक रेलरोडचे नाव सांगितले. कोळशाच्या इंजिनांसाठी लोक तेथे जातात, हे मला ठाऊक होते; मला मात्र तेथील सांधे, त्यांचे दांडे आणि गाडीला वाटेवर धरून ठेवणारी जुनी लोखंडी साधने पाहायची होती.

ही वाट तीन फुटी, म्हणजे ९१४ मिलिमीटर रुंदीची आहे. डेन्व्हर अँड रिओ ग्रँड कंपनीने सान ह्वान पर्वतातील खाणींपर्यंत पोहोचण्यासाठी ती १८८० मध्ये घातली आणि त्याच वर्षअखेरीस रूळ चामा गावी पोहोचले. सोन्याचांदीचा भर ओसरल्यावर लाकूड, गुरेमेंढरे आणि १९५० च्या दशकात फार्मिंग्टनच्या तेलक्षेत्राकडे जाणारे पाइप यांच्या मालवाहतुकीवर ती तग धरून राहिली. पण १९६८ नंतर मालगाड्याही थांबल्या. रूळ उखडले जाणार, हे उघड दिसत असताना कोलोरॅडो आणि न्यू मेक्सिको या दोन राज्यांनी १९७० मध्ये ५,४७,१२० डॉलरना अँटोनिटो ते चामा हा १०३ किलोमीटरचा तुकडा, इंजिने, डबे आणि यार्डासह, मिळून विकत घेतला. दोन राज्यांनी मिळून एक रेल्वेमार्ग वाचवावा, हे मला आजही फार मोलाचे वाटते. २०१२ मध्ये या मार्गाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

डेन्व्हरहून २८५ क्रमांकाच्या महामार्गाने निघालो. सुमारे चारशे किलोमीटरचा रस्ता आहे. केनोशा खिंडीतील पिवळ्याधमक ॲस्पेनच्या झाडांजवळ दहा मिनिटे थांबलो, एवढेच. खरा खोळंबा झाला तो अलामोसाच्या अलीकडे, एका गावातील जुन्या वस्तूंच्या दुकानापाशी. दुकानाच्या ओसरीवर, नांगराचे फाळ आणि दुधाच्या बरण्या यांच्या शेजारी, गंजलेल्या लोखंडाची एक उभी कमान भिंतीला टेकवून ठेवलेली होती. ती पाहताच मी गाडी थांबवायला सांगितले, कारण तो सांधा फिरवण्याचा जुना हार्प स्टँड होता.

हार्प या तंतुवाद्याच्या चौकटीसारखा आकार, म्हणून हे नाव पडले. छातीपर्यंत उंचीच्या बिडाच्या चौकटीतून एक लांब दांडा वर येतो, त्याचे खालचे टोक सळईने रुळांना जोडलेले असते आणि वरच्या कमानीला खाचा असतात. दांडा ज्या खाचेत बसला, त्या वाटेला रूळ जुळले. वर चकती नाही, कंदील नाही. दांड्याचा कल हीच खूण. या चौकटीला तीन खाचा होत्या, मधली खाच कडांच्या खाचांपेक्षा जास्त झिजून गुळगुळीत झाली होती. म्हणजे हा तीन वाटांचा सांधा असावा आणि त्यातली मधली वाट जास्त वापरातली असावी, असा अंदाज मी केला. दुकानदाराच्या परवानगीने मी दांडा हातात धरून पाहिला. मुठीची जागा इतकी घासली गेली होती की तेथे गंजही धरला नव्हता.

असा स्टँड ज्या सांध्याला लागत असे तो आजच्या सांध्यासारखा नव्हता. आजच्या सांध्यात निमुळत्या केलेल्या दोन जिभा असतात आणि त्यातली एक जीभ मुख्य रुळाला घट्ट चिकटून चाकाला वळवते. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन छोट्या रेल्वेवर मात्र जीभच नसे. येणाऱ्या वाटेचे दोन्ही रूळ सरळ कापून मोकळे सोडलेले असत आणि ते मोकळे टोकच बाजूला ढकलून पुढच्या दोन किंवा तीन जोड्यांपैकी हव्या त्या जोडीसमोर आणून उभे करत. त्याला तेथे स्टब स्विच म्हणतात. आपण बोथट सांधा म्हणू. निमुळती जीभ तासण्याचा खर्च नाही, दूरच्या डोंगरातही करवतीने रूळ कापून तो बनवता येई, आणि तीन वाटाही सहज फोडता येत. पण त्याचे दोष जीवघेणे होते. उन्हाने रूळ वाढले की समोरासमोरची टोके एकमेकांना भिडून सांधा अडकून बसे. थंडीत फट रुंदावली की प्रत्येक चाक त्यावर आदळे. आणि सर्वांत वाईट गोष्ट म्हणजे, सांधा दुसऱ्या वाटेला लावलेला असताना मागच्या बाजूने गाडी आली, तर पुढे रूळच नसल्यामुळे ती हमखास खाली उतरे. जिभेच्या सांध्यात अशा वेळी चाके जिभेला ढकलून बहुधा निघून जातात. सांधा मोडतो, पण गाडी वाचते. या एका फरकामुळे मोठ्या रेल्वेमार्गांवरून बोथट सांधे आधी गेले आणि छोट्या, हळू चालणाऱ्या मार्गांवर ते त्यानंतरही रेंगाळले.

संध्याकाळी अँटोनिटोला पोहोचलो. अलामोसापासून येथपर्यंत एके काळी तीन रूळ टाकलेले होते, म्हणजे मोठी आणि छोटी गाडी एकच रूळ वाटून घेत. असा तिहेरी मार्ग फुटतो तेथे सांध्यात किती जिभा आणि किती क्रॉसिंग लागत असतील, याचे चित्र मी मुक्कामाच्या खोलीत कागदावर काढून पाहिले आणि लेकीला समजावले. तिने ते शेवटपर्यंत ऐकले.

दुसरा दिवस : अँटोनिटो ते चामा

सकाळी दहाच्या गाडीला आम्ही मुद्दाम उघड्या डब्याजवळची जागा घेतली, कारण तेथे उभे राहून मागे सरकणारा मार्ग पाहता येतो. गाडी निघाली तसा पहिला सांधा पायाखालून गेला. उंच खांबावरची चकती आमच्याकडे कडेने उभी होती, म्हणून ती जवळजवळ दिसलीच नाही; जी खूण मुख्य वाट मोकळी असताना स्वतःला पुसून टाकते आणि वाट फिरवलेली असताना लाल तोंड पुढे करते, तिच्यामागचा विचार मला फार आवडतो.

पहिले दोन तास गाडी सेजच्या झुडपांच्या माळावरून हळूहळू चढते. चढ शंभराला दीडपेक्षाही कमी आहे, कारण आखणी करणाऱ्यांनी चढ टाळण्यासाठी वळणे स्वीकारली. लाव्हा नावाच्या ठिकाणापुढचे व्हिपलॅश वळण हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. गाडी स्वतःच्याच वाटेच्या वरच्या मजल्यावर परत येते आणि थोड्या वेळापूर्वीची वाट खाली दिसते. या प्रवासात मार्ग दोन राज्यांची सीमा अकरा वेळा ओलांडतो. बिग हॉर्नला इंजिन फिरवण्यासाठी त्रिकोणी मार्ग आहे, ज्याला तेथे वाय म्हणतात. त्याचे तीन सांधे म्हणजे तीन जबाबदाऱ्या, कारण तिन्ही ठिकाणी काम झाल्यावर मुख्य वाट पूर्ववत लावून कुलूप घालावे लागते आणि त्यातले एक जरी विसरले, तरी मागून येणारी गाडी सरळ न जाता फाट्यात शिरते.

मड टनेलला आतून लाकडाचे अस्तर आहे, कारण तेथील डोंगर ठिसूळ मातीचा आहे. रॉक टनेल कठीण खडकातून खोदलेला असल्यामुळे त्याला अस्तराची गरज नाही. पूर्वी अमेरिकन मालगाड्यांवर ब्रेकमन डब्यांच्या टपांवरून धावत जाऊन एकेक हातब्रेक आवळत असे. अंधारात बोगदा किंवा कमी उंचीचा पूल जवळ आला, हे त्याला कळावे म्हणून अलीकडे मार्गावर आडवी दोरी बांधून तिला दोऱ्यांची झालर सोडत. ती अंगाला लागली की माणसाने टपावर आडवे व्हायचे. १८९३ च्या संघराज्य कायद्याने हवेच्या दाबाचे ब्रेक आणि आपोआप जुळणारे कपलिंग सक्तीचे केले, तोपर्यंत हा धंदा किती हातांचा आणि बोटांचा बळी घेत होता, हे आमच्या पिढीच्या रेल्वेवाल्यांना ऐकून माहीत आहे. बोगद्यातून बाहेर पडताच डावीकडे टोल्टेकची दरी एकदम उघडते आणि १८८१ मध्ये निधन पावलेल्या राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांचा दगडी स्मृतिस्तंभ दरीच्या काठावर दिसतो.

ओसिअरला दोन्ही बाजूंच्या गाड्या जेवणासाठी भेटतात. येथे दोन्ही गाड्या एकाच मार्गावर समोरासमोर येतात, त्यामुळे एकीला बाजूच्या रुळावर घ्यावे लागते. सर्वजण जेवणाच्या सभागृहाकडे गेले. मी सांध्यापासून चांगल्या अंतरावर उभा राहिलो. आपल्याकडे दोन स्टेशनांमध्ये एका वेळी एकच गाडी सोडू देणारे टोकन किंवा ब्लॉक यंत्र असते, सांधे सिग्नलशी जखडलेले असतात, आणि सांधा चुकीचा असेल तर सिग्नलच पडत नाही. येथे सांध्याचा दांडा आणि सिग्नल यांना जोडणारे काहीही नाही. वेळापत्रक, वायरलेसवरचा हुकूम आणि सांधा लावणाऱ्या माणसाची नजर, एवढ्यावर दोन गाड्यांतल्या शेकडो माणसांचा भरवसा असतो, आणि म्हणूनच त्या माणसाची कृती ठरावीक क्रमानेच व्हायला हवी. ती कृती मी दुसऱ्या दिवशी जवळून पाहिली.

जेवणानंतर सुमारे ४२ मीटर उंचीचा कॅस्केडचा पूल ओलांडला. रुळांच्या बाहेर दोन्ही कडांना सलग लाकडी तुळया बसवलेल्या होत्या. स्लीपर जागचे हलू नयेत आणि चाक घसरलेच तर ते पुलाच्या कडेपर्यंत जाऊ नये, हा त्यांचा हेतू. दुपारी कंब्रेस खिंड, उंची ३,०५३ मीटर. पुढे चामापर्यंतचा उतार शंभराला चार, म्हणजे पंचवीसास एक. माथेरानच्या वाटेवर वीसास एक चढ आहे, पण तेथील गाडी छोटी आणि हलकी. बोरघाटात सदतीसास एक. एवढ्या उतारावर पूर्ण लांबीची गाडी ब्रेकवर धरून उतरताना डब्याच्या खालून येणारा आवाज मी डोळे मिटून ऐकत होतो.

तिसरा दिवस : चामाचे यार्ड

चामाचे यार्ड पाहुण्यांना पायी फिरण्यासाठी खुले आहे. गेल्या शतकाच्या पूर्वार्धातले वाफेचे यार्ड कसे असे, ते पाहायचे असेल, तर येथे यावे, असे मी कोणालाही सांगेन. १९२४ ची लाकडी कोळसा-टाकी, दोन सोंडांची पाण्याची टाकी, इंजिनघराचा उरलेला भाग, बर्फ फेकणारे दोन रोटरी नांगर, आणि या सर्वांना जोडणारे रुळांचे जाळे.

सकाळी आठच्या सुमारास इंजिन गाडीला जोडायचे होते. बाल्डविन कारखान्याने १९२५ मध्ये या कंपनीसाठी के-३६ वर्गाची दहा इंजिने बांधली, ४८० ते ४८९. त्यांतील पाच येथे आणि चार डुरँगो-सिल्व्हरटन मार्गावर आहेत. उरलेले ४८५ क्रमांकाचे इंजिन १९५३ मध्ये सलायडा येथे टर्नटेबलच्या, म्हणजे इंजिन फिरवण्याच्या फिरत्या पुलाच्या, खड्ड्यात पडले आणि नंतर मोडीत निघाले. टर्नटेबलचा पूल आणि येणारे रूळ समोरासमोर आले आहेत का, आणि ते जागी अडकवले आहेत का, हा प्रश्न सांध्याच्या प्रश्नाचेच एक रूप आहे: पुढे रूळ आहे, हे गृहीत धरून चालत नाही, ते पाहावे लागते.

ज्या सांध्यावरून इंजिन जायचे होते, तेथे पंचविशीतली एक ब्रेकमन मुलगी आली. मी रूळमार्गावर आयुष्य काढले आहे, हे सांगितल्यावर तिने मला थोड्या अंतरावर उभे राहून पाहू दिले. "सर, एवढंच, माझ्या मागे उभे राहा," ती म्हणाली. आता जे घडले ते मी जसेच्या तसे सांगतो, कारण ते सर्व मिळून दीड मिनिटात झाले.

तिने कमरेच्या कड्यातून किल्ली काढून पितळी कुलूप उघडले. कुलूप साखळीने स्टँडलाच बांधलेले असते, जेणेकरून ते कोणी खिशात घालून नेऊ नये. दांडा खाचेतून पायाने मोकळा करून तिने पाठ ताठ ठेवून, गुडघ्यांच्या जोरावर तो उचलला आणि अर्धवर्तुळ फिरवून पलीकडे बसवला. त्याबरोबर उभा गज पाव फेरी फिरला, वरची चकती वळली आणि खाली सळई सरकून जीभ मुख्य रुळाला भिडल्याचा "ठक्क" असा भरीव आवाज आला. एवढ्यावर ती थांबली नाही. ती चार पावले चालत जिभेच्या टोकापाशी गेली, वाकली आणि जीभ रुळाला खरोखर चिकटली आहे की मध्ये खडी, बर्फ किंवा कोळशाचा खडा अडकला आहे, हे पाहिले. आमच्याकडे सिग्नलशी जोडलेल्या सांध्यात पाच मिलिमीटरचा तुकडा घालून चाचणी घेतात. तेवढी फट राहिली तर सांधा जखडला जाता कामा नये, असा नियम आहे. येथे ती चाचणी डोळ्याने होते. मग तिने दांडा खाचेत दाबला, कुलूप कडीत अडकवले आणि शेवटी ते एकदा जोरात ओढून पाहिले. त्यानंतर चकतीकडे नजर, आणि तेव्हाच हात वर करून इंजिनवाल्याला खूण.

कुलूप ओढून पाहण्याची ती झटापट मला ओळखीची होती. वडील रात्री घराच्या दाराला कुलूप लावून दोनदा ओढून पाहत, मग पाच पावले चालून परत येत आणि आणखी एकदा ओढत. आई त्यावरून कधी चिडे. यार्डात उभे असताना मला प्रथमच जाणवले की ही सवय घरात जन्मलेली नव्हती.

इंजिन येत असताना ती सांध्याच्या दांड्यापासून दूर, रुळाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली. हा अमेरिकन रेल्वेच्या नियमपुस्तकांतला फार जुना नियम आहे आणि त्यामागे रक्ताचा अनुभव आहे. समोरून वेगाने गाडी येताना सांध्यापाशी उभ्या माणसाला एकाएकी वाटू लागते की सांधा चुकीचा लागला आहे. घाबरून तो दांडा फिरवतो आणि जी गाडी सुखरूप गेली असती, ती त्याच्याच हाताने घसरते. म्हणून माणसाचा हात दांड्यापर्यंत पोहोचणार नाही, अशा अंतरावर त्याला आधीच उभे केले जाते. स्वतःच्या हातावर विश्वास ठेवण्याची वेळ कोणती आणि न ठेवण्याची कोणती, हे नियमाने ठरवून टाकणे मला फार शहाणपणाचे वाटते.

नंतर यार्डभर फिरून मी दांड्यांचे प्रकार पाहिले. मुख्य वाटेवरचे स्टँड उंच आहेत, म्हणजे चकती माणसाच्या डोक्याच्या वर राहते आणि हिमवर्षावातही बर्फाच्या थरावर दिसते. आतल्या रुळांमधले मात्र बुटके, गुडघ्याएवढे, कारण दोन मार्गांमधल्या अरुंद जागेत उंच खांब डब्याला किंवा डब्याच्या पायरीवर लटकलेल्या माणसाला घासेल. जुन्या काळी उंच स्टँडवर रॉकेलचे चौफेर काचांचे कंदील बसवत. ते एकदा भरले की काही दिवस चालत. त्या काचांच्या रंगाचीही एक कथा आहे. एकोणिसाव्या शतकात पांढरा उजेड म्हणजे वाट मोकळी, हिरवा म्हणजे सावध, असा संकेत होता. लाल काच फुटली की आतली वात पांढरीच दिसे, म्हणजे धोक्याचा कंदील फुटल्यावर "या" म्हणे! म्हणून पुढे हिरवा रंग मोकळ्या वाटेला दिला गेला आणि पांढऱ्याला त्या कामातून काढले.

यार्डाच्या एका बाजूच्या रुळावर रिकामे डबे उभे होते आणि त्यांच्या पुढे, मुख्य वाटेला मिळण्याच्या अलीकडे, रुळावर पिवळ्या रंगाचा एक बिडाचा ठोकळा पालथा पडलेला होता. शेजारी पाटी होती, त्यावर एकच शब्द: डीरेल. मी खाली बसून तो न्याहाळला. बिजागरीवर फिरणारा हा ठोकळा रुळाच्या माथ्यावर टेकतो; त्याच्या पाठीवर तिरकी धार असते. सुटलेल्या डब्याचे चाक त्यावर चढले की धार चाकाच्या कडेला उचलून रुळापलीकडे नेते आणि चाक मुख्य वाटेपासून दूरच्या बाजूला जमिनीवर पडते. डबा खडीत रुततो, तेथेच थांबतो. ठोकळ्यालाही कुलूप असते. ते उघडून ठोकळा उलटा टाकल्याशिवाय डबे हलवता येत नाहीत.

रूळमार्गाच्या नोकरीत "गाडी घसरली" या दोन शब्दांनी आम्ही रात्री-अपरात्री उठलो आहोत. तरीही हे साधन गाडी घसरवण्यासाठीच बसवलेले आहे, आणि ते योग्य आहे, कारण चामासारख्या उताराच्या यार्डात ब्रेक सैल झालेले दोन डबे मुख्य वाटेवर आले, तर ते खाली कोठे थांबतील, हे कोणीच सांगू शकत नाही. एका डब्याचे चाक जमिनीत रुतणे आणि भरलेली गाडी समोरून येणे, यांतले कमी नुकसान आधीच निवडून ठेवलेले असते. अर्थात हा ठोकळा हळू गडगडणाऱ्या डब्यासाठी आहे. वेगात असलेले चाक त्यावरून उडून पुन्हा रुळावरही पडू शकते, म्हणून जास्त वेगाची भीती असेल तेथे सांध्याची अर्धी जीभच बसवतात, जी गाडीला रूळ संपलेल्या दिशेला नेते.

आपल्या बोरघाटात याच विचाराचे मोठे रूप आहे. मी काही वर्षे त्या विभागात काढली. उतरणाऱ्या गाडीचा सांधा नेहमी कॅच साइडिंगकडे, म्हणजे डोंगरात चढत जाणाऱ्या आंधळ्या फाट्याकडे लावलेला असतो. गाडी पूर्ण थांबली, ब्रेक ताब्यात आहेत हे सिद्ध झाले, की मगच सांधा मुख्य वाटेला फिरतो. गाडी थांबली नाही, तर ती आपोआप त्या चढावर जाऊन दम टाकते. ही सोय मोठ्या मार्गाला आणि भरपूर जागेला शोभणारी आहे. चामाला ती जागा नाही, म्हणून येथे तेच काम हाताने उलटायच्या ठोकळ्यावर सोपवले आहे.

दुपारी स्वयंसेवकांची एक तुकडी जुन्या मालडब्यावर पांढरी अक्षरे रंगवत होती. या मार्गाच्या मित्रमंडळाची स्थापना १९८८ मध्ये झाली आणि दर उन्हाळ्यात देशभरातून लोक स्वखर्चाने येथे येऊन सुतारकाम, रंगकाम, मैलाचे खांब नीट करणे ही कामे करतात. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ मैलाच्या खांबावरचा जुना रंग खरवडत होते. येथील खांबांवरचे आकडे अजूनही डेन्व्हरपासून मोजलेले आहेत. चामा ३४४ व्या मैलावर येते. आजही गाडी कोठे आहे, रूळ कोठे सैल आहे, हे त्या आकड्यानेच सांगितले जाते, म्हणून त्यांचे ठळक दिसणे हीसुद्धा सुरक्षिततेचीच बाब आहे. मी अर्धा तास त्यांच्याजवळ बसून खरवडणी हातात घेतली.

चौथा दिवस : कंब्रेस खिंड

परतीच्या वाटेवर १७ क्रमांकाच्या रस्त्याने गाडीतूनच खिंडीवर चढलो. वाटेत लोबाटोचा पूल दिसला. हा लोखंडी पूल २०१० च्या जूनमध्ये आगीत होरपळला होता आणि दुरुस्त होऊन पुढच्या वर्षी वापरात आला. ३० मीटर उंचीवरचा तो नवा लाकडी माथा पाहिल्यावर सुरक्षिततेच्या साधनांत आगीवरचा पहारा किती महत्त्वाचा असतो, हे वेगळे सांगायला नको.

खिंडीत लाकडी छप्पराचा एक लांब बोळ आहे. त्रिकोणी मार्गाचा एक फाटा त्याच्या आतून जातो. छप्पर नसते तर हिवाळ्यात तो फाटा आणि त्याचा सांधा बर्फाखाली गाडला गेला असता आणि वर चढून आलेले जोड-इंजिन फिरवायला जागाच उरली नसती. सांध्यांच्या अलीकडे रुळाकाठी छोट्या पाट्या आहेत. बर्फ खरवडणाऱ्या गाडीचे पाते रुळांच्या मध्ये, त्यांच्या माथ्यापेक्षा खाली उतरलेले असते. सांधा किंवा रस्त्याचे फाटक आले की ते उचलायचे, हे पात्यावरच्या माणसाला त्या पाट्या सांगतात. बर्फात सांधा दिसत नाही, पाटी दिसते.

दुपारी अँटोनिटोकडून गाडी आली आणि थांबली. आता उतार सुरू होणार होता, म्हणून ब्रेकची चाचणी झाली आणि ब्रेकमन प्रत्येक डब्यापाशी थांबून त्याच्या टोकाशी असलेली एक छोटी मूठ फिरवत गेला. याला तेथे रिटेनर म्हणतात. हवेच्या ब्रेकमध्ये इंजिनवाला नळीत हवा पुन्हा भरू लागला की सर्व डब्यांचे ब्रेक सुटतात, आणि लांब उतारावर नेमक्या त्याच वेळी गाडी वेग घेते. रिटेनरची मूठ फिरवलेली असेल तर ब्रेकच्या नळकांड्यातली काही हवा आत कोंडून राहते. इंजिनवाला पुन्हा हवा भरत असताना डबे धरलेलेच राहतात. एका मुठीसाठी एक डबा, एका डब्यासाठी एक थांबा. तो शेवटच्या डब्यापर्यंत चालत गेला आणि परत येताना प्रत्येक मुठीकडे पुन्हा पाहत आला.

इंजिनाची लांब शिट्टी झाली. गाडी हलली, विंडी पॉइंटच्या वळणावर कड्याला घासून गेल्यासारखी दिसली आणि मग दिसेनाशी झाली. ब्रेकचे लाकडी ठोकळ्यासारखे घरघरणे मात्र बराच वेळ खालून येत होते. काही वेळाने गाडीमागून येणारी मोटरट्रॉली आली. धुराड्यातून उडालेली ठिणगी गवतात कोठे धुमसते आहे का, हे पाहत ती प्रत्येक गाडीच्या मागे जाते. ट्रॉलीवाल्याने खिंडीतल्या सांध्यापाशी वेग कमी केला, चकतीकडे आणि कुलपाकडे पाहिले, आम्हाला हात केला, आणि पाण्याचे पंप लादलेली ती ट्रॉली गाडीच्या धुराच्या वासामागे उतारावर लागली.

लेकीने घड्याळ दाखवले. डेन्व्हर अजून फार लांब होते.